बावन्न नंबरचे दोन धनी

टॅनर हुडाक पहिल्यांदा माझ्या खोलीत आला तेव्हा त्याची करंगळी उलट्या बाजूला वळलेली होती. अठरा वर्षांचं धूड दारात उभं राहून विचारत होतं, आत येऊ का. मी करंगळी धरली, ओढली, जागेवर बसवली. तो "सॉरी" म्हणाला. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ज्या पोराला आडवं करताना ती करंगळी निखळली होती, तो शेजारच्या खाटेवर पडून आपलं नाव आठवत होता. त्याला मात्र हुडाक सॉरी म्हणाला नाही.

हा माणूस असा होता. दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागायचा, आणि मैदानावर माणसांच्या बरगड्या मोजायचा.

मी कॅल्डर कॉलेजच्या संघाची पट्ट्या बांधणारी बाई. घोटे, मनगटं, गुडघे, जे निखळेल ते माझ्याकडे येतं. सगळे मला डॉक म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून मी हात टेकले. पेनसिल्व्हेनियाच्या या पश्चिम टोकाला खाणी बंद झाल्या, काचेचा कारखाना बंद झाला, उरलं ते कॉलेज आणि त्याचं मैदान. आमच्या फुटबॉलला पाय नावालाच लागतात. खांदा लागतो, मान लागते आणि समोरच्याला जमिनीत गाडायची हौस लागते. हौस इथे पोरांना दुधाबरोबरच पाजतात.

सरावाच्या मैदानाचं एक टोक खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यावर आहे. कोळसा काढून घेतल्यावर जो काळा, धारदार चुरा उरतो त्याला इथे बोनी म्हणतात, म्हणून त्या कोपऱ्यालाही बोनीच म्हणतात. तिथे गवत उगवत नाही. उघड्या अंगाने पडलं तर कातडी सोलून निघते आणि काळे कण आत बसतात. ते चिमट्याने काढायचं काम माझं.

बावन्न नंबरचा सदरा या बोनीत एका गड्याकडून दुसऱ्याकडे जातो. आमच्या बचावफळीच्या मधोमध जो उभा राहतो, सगळे धक्के ज्याच्या छातीवर येतात, त्याचा हा नंबर. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना संपला की सगळा संघ मळक्या कपड्यांनिशी बोनीत येतो. जाणारा गडी हेल्मेट काढून हात पसरून उभा राहतो. वारस धावत येतो आणि खांदा घालून त्याला पाडतो. जाणाऱ्याने पडायचं असतं. अख्खा हंगाम ज्याला कुणी हलवू शकलं नाही, तो त्या दिवशी आपखुशीने उताणा पडतो, सदरा काढतो आणि वारसाच्या डोक्यात घालतो. बोनीत एकदा पडलेल्याने तो नंबर पुन्हा अंगावर चढवायचा नाही. हा नियम कुणी कधी लिहून ठेवला नाही. गरजच पडली नाही, कारण चार वर्षं झाली की माणूस जातोच, परत येतो कशाला?

हुडाकने या नंबरासाठी तीन वर्षं वाट पाहिली. बाप कोळशाचा ट्रक चालवायचा, तो लवकर गेला. आई डार्लीन प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. कोबी आणि शेवयांची हलुस्की ती अशी करते की आमचा कोचसुद्धा काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात उभा राहतो. तीन वर्षं हुडाक दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला, सरावात त्यांचे धक्के खाल्ले, सामन्यात त्यांना पाणी दिलं. चौथं वर्ष त्याचं होतं. आधीचा गडी त्याच्यापुढे पडला, सदरा डोक्यावरून गळ्यात आला. डार्लीनने तो घरी नेऊन हाताने धुतला.

आणि त्या उन्हाळ्यात साथीपायी हंगामच रद्द झाला.

कोचने पोरांना मैदानात लांब लांब उभं करून सांगितलं. कुणी रडलं, कुणी हेल्मेट आपटलं. हुडाक सामानाच्या खोलीमागे गेला आणि विटांच्या भिंतीला खांद्याने धडका देऊ लागला. मी पोचले तेव्हा भिंतीवर रक्त होतं. मी ओरडले, बाबा रे, भिंतीने काय केलंय? तो म्हणाला, "मग कुणी केलंय ते दाखवा." आजाराला खांदा घालून पाडता येत नाही, एवढीच गोष्ट होती, पण ती त्या पोराच्या डोक्यात शिरेना. खरं सांगायचं तर कुणाच्याच शिरली नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नोव्हेंबर आला. एकही सामना न होता पानं गळून गेली. चौथ्या वर्षाच्या पोरांनी ठरवलं, हंगाम रद्द झाला असेल, बोनी रद्द झालेली नाही. कॉलेजांच्या खेळाच्या वरच्या मंडळाने हे वर्ष कुणाच्याच चार वर्षांत मोजणार नाही म्हणून सूट दिली होती, पण हुडाकची पदवी पूर्ण होत होती आणि आमच्या कॉलेजात पुढे शिकायला काही नव्हतं, आणि शिकत नाही त्याला खेळता येत नाही. तोंडाला फडकी बांधून सगळे जमले. हुडाकच्या सदऱ्याला इस्त्रीची घडी तशीच होती. समोर वारस म्हणून निको दुर्बानो, दुसऱ्या वर्षाचा, पलीकडच्या खोऱ्यातला. त्याच्या बापाचं टायरचं दुकान आहे. निको धावत आला, हुडाक पडला. सदरा काढून त्याने निकोच्या डोक्यात घातला, टाळ्या वाजल्या.

नंतर मी त्याच्या पाठीतले काळे कण काढत होते. एकाएकी त्याची पाठ गदगदू लागली. "डॉक, मी न खेळताच पडलो," तो म्हणाला.  मी कण काढत राहिले.

त्यानंतर तो गॅसच्या नळांच्या कामावर लागला. आणि त्या हिवाळ्यात कॉलेजला अचानक शहाणपण सुचलं. रिकाम्या पडलेल्या बाकांवर कुणीतरी बसवायला हवं, म्हणून त्यांनी एक वर्षाचा नवा अभ्यासक्रम काढला. त्याचं नाव मला आजही धड सांगता येत नाही, आणि शिकणाऱ्यांनाही येत नव्हतं. कोच लायटलने घरोघर फोन केले. या आणि राहिलेलं वर्ष खेळा. सहा जण परत आले. हुडाक पहिला.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी मी आमचा संघ मोजायला बसले. सहा जुने परतलेले. ज्यांचं चौथं वर्ष लागलं होतं ते सगळे. गेल्या वर्षी आलेली पोरं, जी एकही सामना न खेळल्याने नवीच्या नवी राहिली होती. आणि त्यांच्यावर यंदाची ताजी भरती. एकशे सदतीस पोरं. कपाटं नव्वद. बाहेरगावच्या सामन्याला बसमध्ये जागा अठ्ठावन्न. एका कपाटात दोघांचे बूट, आणि बुटांवरून पहिली मारामारी आंघोळीच्या खोलीतच झाली. एकाची भुवई फुटली, मी पाच टाके घालायला पाठवलं.

कोच मात्र खूश. एवढा भरलेला संघ आपण आयुष्यात पाहिला नाही म्हणाला. मी म्हटलं, भरलेला नाही, कोंबलेला आहे, आणि कोंबलेलं फुटतं. त्याने कानाडोळा केला.

त्या महिन्यासारखा महिना मी पाहिलेला नाही. एकेका जागेसाठी चार चार जण. पूर्वी सरावात पोरं एकमेकांना राखून मारायची, शनिवारी आपल्याच बाजूने उभं राहायचंय हे डोक्यात असायचं. आता शेजारचा गडी मोडला तर आपण बसमध्ये, एवढाच हिशेब. शिटी वाजल्यावर मारायचे. पडलेल्याच्या हातावर बूट ठेवून उठायचे. एका पोराची बोटं अशी चिरडली की अंगठ्याचं नख मला मोज्यात सापडलं. दुसऱ्याच्या घशावर कोपर बसलं, तो तीन दिवस कुजबुजत बोलत होता. रोज संध्याकाळी फाटकाशी कुणाची तरी आई गाडी घेऊन उभी असायची. पोरगा उशी आणि पंखा घेऊन निघायचा, मागे वळून बघायचा नाही. निघून जाणारे सगळे मधल्या वर्षांतले. वर म्हातारे बसलेले, खालून नवे ढकलतायत, मधल्यांनी करायचं काय?

त्या सहा जणांना पोरं आजोबाच म्हणायची. आजोबा, काठी विसरलात. आजोबा, डॉककडून गुडघ्याला तेल लावून घ्या. पाचजण हसायचे. हुडाक हसायचा नाही.

पहिल्याच दिवशी कोचने बावन्न नंबरचा कोरा सदरा शिवून घेऊन हुडाकच्या कपाटात टांगला होता. कोच बाहेरून आलेला माणूस, त्याच्या लेखी तो कपडा होता. आणि निको घरूनच बावन्न नंबरचा जुना सदरा घालून आला. मेलेल्या वर्षात त्याने बापाच्या दुकानात ट्रकची टायरं उचलून पंचवीस पौंड मांस चढवलं होतं. मान दिसेनाशी झाली होती. एकाच खोलीत समोरासमोर दोन बावन्न उभे राहिले आणि बाकीची पोरं बुटाच्या नाड्या बांधायची थांबली.

"तू पडलास," निको म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"ज्या हंगामासाठी पडलो तो झालाच नाही."

"मग पडायला कुणी सांगितलं होतं?"

  दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. बोनीत पडलेला माणूस परत आला तर काय करायचं, हे आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं. निकोला नंबर दिला तर हुडाकचा उरलेला एकुलता एक हंगाम बाकड्यावर जाणार. हुडाकला दिला तर निकोला मिळालेलं सगळ्यांसमोर हिसकावून घेतलं जाणार, आणि तोही मागे उभा राहून पाणी वाटणार.

दोन आठवडे त्यांनी एकमेकांना सोलून काढलं. सराव कुठलाही असो, हे दोघे एकमेकांना शोधायचे. निकोने हुडाकच्या हेल्मेटची जाळी धरून त्याची मान पिरगाळली, माझ्या टेबलावर त्याचा डावा हात अर्धा तास बधिर पडला होता. दुसऱ्या दिवशी हुडाकने निकोच्या पोटात डोकं घातलं, निकोने सकाळची न्याहारी बाहेर काढली. मी कोचला सांगायला गेले, यातला एकजण मरेल. कोच वैतागलेला होता. एकशे सदतीस पोरांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. त्याने दोघांना बोलावलं आणि म्हणाला, तुमची ती बोनी आहे ना, जा, मिटवा एकदाचं, आणि जो उभा राहील तो मधोमध. मी त्या माणसाला तोंडावर मूर्ख म्हणाले. अजूनही म्हणते.

दुपारचं ऊन होतं. सगळी पोरं गोल करून उभी राहिली. हेल्मेट, खांद्याचे गादीपट्टे, सगळं चढवून दोघं आत गेले. बोनीत पहिल्यांदाच असं झालं की दोघांपैकी कुणालाच पडायचं नव्हतं.

पहिल्या धडकेला दोघांची हेल्मेटं अशी वाजली की माझे दात शिवशिवले. कुणी पडलं नाही. दुसऱ्या धडकेला निकोने त्याला मागे रेटलं, पाच पावलं, सात पावलं, काळा चुरा उडत होता, पोरं किंचाळत होती. हुडाकचा एक गुडघा टेकायला आला. मला वाटलं, गेला, आणि मला बरं वाटलं, कारण एकदाचं संपलं असतं. पण त्याने निकोच्या बगलेत हात घातला, फिरवला आणि त्याचे पाय सुटले. निको पडला. स्वच्छ पडला, कुशीवर, सगळ्यांना दिसला. तिथे संपलं होतं.

मग हुडाकने अंग टाकलं. पडलेल्या पोरावर, उभ्याने, सगळं वजन डाव्या खांद्यावर. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. निको ओरडला नाही, त्याचा श्वासच गेला होता. मी आत धावले. गळपट्टीचं हाड कातडीखाली तंबूच्या काठीसारखं वर आलं होतं. हुडाक उठून उभा होता, धापा टाकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला त्याची किळस आली. त्याला मजा वाटली होती. हंगाम ज्याने खाल्ला तो त्याला शेवटी सापडला होता.

निकोच्या हाडावर धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवले. त्याने कॉलेज सोडलं, बापाच्या दुकानात एका हाताने बिलं फाडायला बसला. जाताना सदरा कपाटात टांगून गेला. त्याच्यामागे मधल्या जागेचे आणखी तीन जण उठून गेले. ज्या संघात पुढचा म्हातारा जात नाही आणि आडवा आलात तर हाडं मोडतो, तिथे थांबायचं कशाला?

हुडाकला त्याचा हंगाम मिळाला. आणि काय खेळला तो. दहा सामन्यांत त्याला एकदाही कुणी पाठीवर पाडलं नाही. पहिल्या सामन्यात त्याने चेंडू घेऊन धावणाऱ्याला असा मधोमध फोडला की चेंडू एकीकडे, बूट एकीकडे. चौथ्यात एकाचा जबडा मोडला. सहाव्यात समोरच्या संघाने त्याच्या बाजूला यायचंच सोडून दिलं. गाव वेडं झालं. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं सँडविच त्याला फुकट, वर मागे लागणाऱ्या पोरी. तो खाली मान घालून खायचा आणि जायचा. तिसऱ्या सामन्यानंतर डार्लीन मैदानावर यायची बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, घरी तीन ताटं हलुस्की खातो आणि भिंतीकडे बघत बसतो, ज्या दिवशी जास्त टाळ्या पडतात त्या दिवशी जास्तच बघतो.

ऑक्टोबरात तो एकदा दुर्बानोच्या दुकानावर गेला. गाडीचं एक टायर खरंच गोटा झालं होतं, निदान निमित्त तरी खरं होतं. निकोचा बाप लोखंडी टॉमी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, तुझ्यासाठी इथे टायर नाही. आतून निकोने पाहिलं, मान फिरवली. हुडाक त्याच गोट्या टायरवर घरी आला. हे मला त्यानेच सांगितलं, घोटा बांधून घेताना, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट.

शेवटचा सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. हुडाकच्या ओठातून रक्त येत होतं, कोपर सोललेलं, आणि गाव त्याचं नाव घेऊन ओरडत होतं. मग संघ बोनीकडे निघाला आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की वारस कुणी नाही. एकशे सदतीसातले एक्याऐंशी उरले होते, पण मधल्या जागेवर हुडाकच्या मागे पहिल्या वर्षाचं एकच पोर होतं, तेही दुसरीकडून आणून उभं केलेलं. कोचने त्याला पुढे ढकललं.  हुडाक हात पसरून उभा राहिला, ते पोर जागचं हलेना.

कुंपणापलीकडे लोक होते. त्यांच्यातून एकजण तारेवरून आत आला. दुकानाचं जाकीट, आत बनियन. निको.

त्याने जाकीट काढून खाली टाकलं. डाव्या खांद्यावर लाल व्रण होता. गेल्याच आठवड्यात त्याची आई त्या हाडाचा फोटो घेऊन माझ्याकडे आली होती, डॉक्टरांची भाषा कळत नाही म्हणून. हाड जुळत होतं, जुळलं नव्हतं. मी त्याच्या आडवी गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक, बाजूला व्हा." मग हुडाकला म्हणाला, "पडायचं नाही. मला तुझी भीक नको. तू उभा राहा, मी पाडतो."

पोरं एकदम पेटली. उभा राहा, हुडाक, उभा राहा. कुंपणापलीकडूनही तोच गजर. त्यांना त्याचं पडणं नको होतं, अख्खा हंगाम तो पडला नव्हता.

निको ऐकणार नव्हता, म्हणून मी हुडाककडे गेले. त्याच्या कानाशी म्हणाले, ते हाड कच्चं आहे, तू उभा राहिलास तर ते पुन्हा मोडेल, आणि या वेळी मोडलं तर तो कधीच खेळणार नाही. हुडाकने मान हलवली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मागे झाले आणि मला वाटलं, हा उभाच राहणार, याला दुसरं येतंच काय.

निको निघाला. डावा खांदा पुढे, तोच, व्रणाचा. मुद्दाम. बोनीचा चुरा मागे उडत होता. दहा पावलं, पाच पावलं. हुडाक पाय रोवून उभा होता, छाती पुढे.

आणि निको पोचायच्या क्षणी तो खाली बसला. धपकन, लहान पोर बसतं तसा, ढुंगणावर. निको त्याच्यावरून गेला, हवेत हात मारले आणि पलीकडे गुडघ्यांवर घसरत गेला. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

तेवढं हसू पुरलं. निको उठला, वळला आणि हुडाकच्या अंगावर बसला. उजव्या मुठीने त्याच्या तोंडावर मारू लागला. पहिल्या ठोशाला नाक गेलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला ओठ. पोरं सोडवायला धावली, तर हुडाकने पडल्या पडल्या मान हलवली, नका येऊ. ती थांबली. निको मारत होता आणि मारताना रडत होता, माझ्यावर हसतोस, माझ्यावर हसतोस. मांसावर मांस आपटल्याचा तो ओला आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. एक दात उडून माझ्या बुटापाशी आला. हुडाकचे हात दोन्ही बाजूंना पसरलेले होते. मी पाहिलं, त्याने दोन्ही मुठींत बोनीचा चुरा घट्ट धरून ठेवला होता. बोटांमधून रक्त येत होतं, पण त्याने मुठी सोडल्या नाहीत. सोडल्या असत्या तर हात उठले असते, आणि त्याचे हात उठले की काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

निको दमला. त्याच्या अंगावरून उतरून शेजारी चुऱ्यात बसला. हुडाकने डोकं उचललं, रक्ताची गुळणी थुंकली, त्यात दुसरा दात होता. मग त्याने सदरा डोक्यावरून ओढून काढला. नाकात अडकला, कण्हला, पुन्हा ओढला. आणि निकोच्या डोक्यात घातला.

"मागच्या वेळी उगाच पडलो होतो," तो म्हणाला. दात नसल्याने शब्द फुसफुसत होते. "आता खरा पडलो."

निकोने सदरा काढून फेकला नाही. खाली बघत तसाच बसून राहिला. मी दोन्ही दात उचलले, पुन्हा बसवता येतील या आशेने कॉलेजच्या खानावळीतून दूध मागवून त्यात टाकले आणि हुडाकला दवाखान्यात नेलं. दूध आणायला गेलेला पोरगा आधी चॉकलेटचं दूध घेऊन आला होता, त्याच्यावर मी ओरडले ते सगळ्या गावाने ऐकलं. दात काही बसले नाहीत.

आता हुडाक नळांच्या कामावर आहे. पुढचे दोन दात खोटे, जेवताना काढून बशीत ठेवतो म्हणून डार्लीन त्याला ओरडते. शनिवारी सामन्याला येतो, बोनीकडच्या कुंपणाशी एकटा उभा राहतो. गावातले बरेच जण त्याला ओळख देत नाहीत. मोडलेला जबडा त्यांना चालला होता, खाली बसणं चाललं नाही. घाबरला म्हणतात.

निको पुढच्या ऑगस्टला परत आला. हाड पक्कं झालं होतं, मी स्वतः दाबून पाहिलं. संघ पुन्हा माणसांत आला होता, कपाटं पुरत होती. तो टेबलावर बसला, मनगट पुढे केलं. अंगातल्या बावन्न नंबरच्या सदऱ्याच्या गळ्यावरचा रक्ताचा तपकिरी डाग धुऊन गेला नव्हता. मी पट्टी गुंडाळत होते. बाहेर कुंपणाशी हुडाक उभा दिसत होता, सरावालाही यायला लागला होता.

"डॉक, तो घाबरून बसला का माझ्यावर हसायला बसला?" निकोने विचारलं. "वर्षभर डोक्यात आहे."

मी सांगितलं. त्याच्या कानाशी मी काय बोलले होते ते सांगितलं, आणि मुठीत काय धरलं होतं तेही.

त्याने दुसरं मनगट पुढे केलं, मी तेही बांधलं. मैदानावर शिटी वाजली, बाकीची पोरं धावत गेली. निको पट्ट्या बांधलेले दोन्ही हात मांडीवर घेऊन टेबलावर बसून होता. कोचने दोनदा हाक मारली तरी उठला नाही.